फ्लोअर आणि कर्ब एकमेकांत घुसतात तेव्हा: रेव्हिटमध्ये सारखा परत येणारा ओव्हरलॅप

कॉन्ट्रॅक्टरच्या बिलिंग इंजिनिअरचा संध्याकाळी फोन आला. "मॅडम, पार्किंगच्या ट्रिमिक्सचं काँक्रीट तुमच्या मॉडेलमध्ये आमच्या हिशेबापेक्षा पाच-साडेपाच घनमीटर जास्त निघतंय. आम्ही दोनदा मोजलंय."

ट्रिमिक्स म्हणजे पार्किंगसारख्या ठिकाणी जमिनीवर ओतलेलं पक्कं काँक्रीट. रेव्हिट या इमारतींची थ्रीडी मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उघडलं. थ्रीडीत सगळं जागच्या जागी, वॉर्निंग एकही नाही. मग कर्बवरून, म्हणजे रस्त्याच्या किंवा स्लॅबच्या कडेच्या बुटक्या उभ्या कठड्यावरून, आडवा सेक्शन (छेद) काढला आणि कारण समोर आलं. १५० मिमी रुंद, ३०० मिमी उंच कर्ब, त्यातला अर्धा जमिनीखाली. त्याच्या त्या खालच्या अर्ध्या भागातून १५० मिमी जाडीचं फ्लोअरही (रेव्हिटमध्ये स्लॅब, फरशी, पेव्हर अशा आडव्या थरांना फ्लोअरच म्हणतात) आरपार गेलेलं. एकाच जागेत दोन वस्तू, आणि दोन्हींचं घनफळ शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या मोजमापाच्या तक्त्यात, मोजलेलं. कर्बची एकूण लांबी २४० मीटर. ०.१५ × ०.१५ × २४० = ५.४ घनमीटर. ट्रान्झिट मिक्सरची एक गाडी साधारण ६ घनमीटर माल आणते. म्हणजे जवळजवळ अख्खी एक गाडी आमच्या मॉडेलमध्ये होती, पण साइटवर कधी लागणारच नव्हती.

मला लागलं ते हे, की हाच ओव्हरलॅप मी महिन्याभरापूर्वी स्वतः काढून टाकला होता. मधल्या काळात कुणीतरी पार्किंगचा आराखडा बदलला आणि तो परत आला. म्हणून हा त्रास एकदा काढून कसा टाकायचा यापेक्षा तो परत येऊ नये यासाठी काय करायचं, यावर जास्त लिहिते आहे.

आधी पाहा, खरंच ओव्हरलॅप आहे का

वॉर्निंगच्या यादीवर विसंबू नका. दोन फ्लोअर एकमेकांवर आले तर रेव्हिट सांगतं, 'हायलायटेड फ्लोअर्स ओव्हरलॅप'. भिंतीवर भिंत आली तरी सांगतं. पण फ्लोअर आणि कर्ब म्हणून काढलेली बुटकी भिंत, किंवा फ्लोअर आणि कर्ब म्हणून टाकलेला बीम, यांच्याबद्दल ते गप्प राहतं. वॉर्निंग शून्य दिसल्या म्हणून निर्धास्त झालेली बरीच मॉडेलं मी पाहिली आहेत.

प्लॅनमध्ये जाड रेषांखाली हा दोष झाकला जातो. 'टी-एल' दाबून थिन लाइन्स चालू करा. जिथे एक जाड रेघ दिसत होती तिथे दोन बारीक रेघा दिसल्या तर गडबड आहे. थ्रीडीत सेक्शन बॉक्स लावून कर्ब आडवा कापा आणि व्ह्यूमध्ये फ्लोअरला थोडी पारदर्शकता द्या. कर्बचा तळ फ्लोअरच्या आत दिसेल. रेंडरिंगला पाठवलेल्या मॉडेलमध्ये कडेचा पृष्ठभाग लुकलुकताना दिसला, तर तिथे दोन पृष्ठभाग अगदी एकाच प्रतलात आलेले असतात. तेही याच दोषाचं लक्षण.

कर्ब भिंत म्हणून काढला असेल तर कोलॅबोरेट टॅबमधला 'इंटरफिअरन्स चेक' फ्लोअर्स विरुद्ध वॉल्स असा चालवा. यादी लांब येईल, कारण खऱ्या भिंतीही त्यात येतात. म्हणून आधी फक्त कर्ब आणि फ्लोअर सिलेक्ट करून मगच चालवावा.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र आकड्यावर आहे. कर्बची लांबी गुणिले त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, हा गुणाकार कागदावर करा. आमच्या उदाहरणात २४० × ०.१५ × ०.३० = १०.८ घनमीटर. आता शेड्यूल पाहा. कर्बचं घनफळ १०.८ च्या आसपास आहे आणि फ्लोअरचंही पूर्ण आहे, तर दोन्ही एकमेकांना न कापता एकाच जागेत आहेत. कर्बचं ५.४ वर आलं असेल तर जॉइन झालंय, म्हणजे दोन वस्तू जोडून एकीने दुसरीला कापलंय, पण उलटं: फ्लोअरने कर्बचं पोट खाल्लंय. कोपऱ्यांवर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण अर्ध्याने नाही.

ती जागा कुणाची?

दुरुस्तीच्या बटणांकडे जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर लागतं, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये नसतं. साइटवर काम कसं होणार आहे त्यात असतं.

प्रीकास्ट कर्ब स्टोन असेल तर तो आधी बसतो. पीसीसीचा (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटचा) बेड, त्यावर कर्ब, मागून काँक्रीटचा आधार, आणि मग पेव्हर (फरसबंदीचे ब्लॉक) किंवा ट्रिमिक्स त्याच्या अंगाला येऊन थांबतं. इथे कर्ब आपल्या पूर्ण खोलीचा मालक. फ्लोअरने त्याच्या तोंडापाशी थांबायचं.

स्लॅबबरोबर ओतलेला किंवा स्लॅबवर स्टार्टर ठेवून नंतर उचललेला आरसीसी कर्ब असेल, म्हणजे गच्चीची, पोडियमची किंवा शाफ्टभोवतीची कड, तर उलटं. स्लॅब खालून सलग जातो आणि कर्ब त्याच्या वरच्या पातळीपासून सुरू होतो. जमिनीखाली गाडलेला भागच इथे नसतो. १५० मिमी कर्ब म्हणजे स्लॅबच्या वर १५० मिमी, तेवढाच.

आमच्या ऑफिसमध्ये ओव्हरलॅपची मुळं बहुतेक वेळा इथेच सापडली. एका प्रकारच्या कर्बची फॅमिली (रेव्हिटमधला तयार घटक) दुसऱ्या प्रकारच्या जागी वापरलेली. गाडायचा कर्ब स्लॅबवर ठेवला की तो स्लॅबमध्ये घुसणारच. त्याला जॉइन करून दिसायला बरं करता येतं, पण चूक तशीच राहते.

समतल स्लॅबच्या कडेचा कर्ब

इथे मी 'स्लॅब एज' ही फ्लोअरच्या कडेने घटक काढायची कमांडच वापरते. कारण एकच: तो फ्लोअरच्या कडेवर बसलेला असतो, त्यामुळे फ्लोअरची हद्द सरकली की तोही सरकतो. बुटकी भिंत सरकत नाही, ती जुन्या जागी उभी राहते आणि फ्लोअर तिच्याखालून पुढे निघून जातं.

यात ओव्हरलॅप येतो तो प्रोफाइलमुळे, म्हणजे कर्बच्या छेदाच्या आकारामुळे. प्रोफाइल फॅमिलीत उभी आणि आडवी रेफरन्स प्लेन जिथे छेदतात, तो बिंदू फ्लोअरच्या कडेवर येऊन बसतो. आकार त्या उभ्या रेषेच्या एका बाजूला काढला तर कर्ब फ्लोअरच्या बाहेर, दुसऱ्या बाजूला काढला तर आत. मॉडेलमध्ये फ्लिपचा बाण चुकून दाबला गेला तरी तेच होतं. म्हणून प्रोफाइल उघडून आकार नेमका कुठे आहे ते एकदा पाहाच. स्लॅबवर बसणारा कर्ब असेल तर तो आडव्या रेषेच्या वर आणि स्लॅबच्या आतल्या बाजूला काढायचा, म्हणजे बाहेरचं तोंड स्लॅबच्या तोंडाशी एका रेषेत येतं आणि खाली काहीही घुसत नाही. मिलिमीटरचा फरक भरून काढायला व्हर्टिकल आणि हॉरिझॉंटल प्रोफाइल ऑफसेट आहेत, पण चुकीचं प्रोफाइल ऑफसेटने जागेवर आणण्याची सवय लावू नका. पुढच्या माणसाला ते कळत नाही.

कोपऱ्यांवरचा ओव्हरलॅप वेगळा. एकाच कमांडमध्ये सलग कडा निवडल्या तर कोपऱ्यावर कर्ब आपोआप तिरका कापला जाऊन जुळतो. एक कड काढली, कमांड बंद केली, मग दुसरी काढली, तर ते दोन वेगळे स्लॅब एज होतात आणि कोपऱ्यात एकमेकांत शिरतात. नवीन कड जोडायची असेल तर जुना स्लॅब एज निवडून 'अ‍ॅड/रिमूव्ह सेगमेंट्स' वापरा.

दोन फ्लोअरच्या मधला कर्ब

एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला १५० मिमी वर फुटपाथ, मध्ये कर्ब. सोसायटीच्या अंतर्गत रस्त्यांवर, पार्किंगमधल्या झाडांच्या बेटांभोवती हेच असतं. इथे स्लॅब एज अवघड जातो, कारण कड नेमकी कोणत्या फ्लोअरची धरायची हा प्रश्न येतो.

मी इथे कर्ब बुटक्या भिंतीने काढते. 'कर्ब १५०' असा वेगळा वॉल टाइप, बेस ऑफसेट रस्त्याच्या पातळीपासून उणे १५०, उंची ३००. मग दोन्ही फ्लोअरच्या स्केचमध्ये हद्द हाताने न ओढता 'पिक वॉल्स'ने कर्बचं तोंड पकडते. रस्त्याचं फ्लोअर रस्त्याकडच्या तोंडाला, फुटपाथचं फ्लोअर आतल्या तोंडाला. रेघ चुकीच्या तोंडावर आली तर फ्लिपच्या बाणाने बदलते. 'पिक वॉल्स'ने घेतलेली हद्द त्या भिंतीला बांधलेली राहते. उद्या आर्किटेक्टने कर्ब ३०० मिमी आत घेतला तर दोन्ही फ्लोअर त्याच्याबरोबर येतात. हाताने 'लाइन'ने काढलेली हद्द येत नाही, आणि महिन्याभराने ओव्हरलॅप परत येतो तो इथूनच.

स्केच पूर्ण केल्यावर रेव्हिट विचारतं, की फ्लोअर या भिंतींवर चढतंय, जॉइन करून तेवढा भाग भिंतीतून कापू का? नीट वाचा: भिंतीतून. म्हणजे कर्बचं पोट जाणार. आपल्याला हवं असतं ते अगदी उलट. हद्द कर्बच्या तोंडाला बरोबर असेल तर हा प्रश्न येतच नाही. आला, तर समजायचं की हद्दीची एखादी रेघ कर्बच्या आत आहे. 'नो' म्हणा आणि ती रेघ शोधा.

कर्बच्या भिंतीचं 'रूम बाउंडिंग' (भिंतीला खोलीची हद्द मानणारी खूण) लक्षात ठेवून बंद करा, नाहीतर पार्किंगच्या रूमचे तुकडे होतात. आणि वॉल शेड्यूलमध्ये टाइपच्या नावावर फिल्टर लावा, म्हणजे कर्ब बांधकामाच्या भिंतींत मोजला जाणार नाही. कर्बचं बिल रनिंग मीटरमध्ये निघतं, तेव्हा त्याचं वेगळं शेड्यूल लांबीवरच ठेवलेलं बरं. पण याच कारणाने हा दोष बराच काळ लपून राहतो: कर्बची लांबी बरोबर असते, चुकतो तो शेजारचा पेव्हर. १५० मिमी रुंदीची २४० मीटर पट्टी म्हणजे ३६ चौरस मीटर पेव्हर जास्त.

उतारावरचा कर्ब

रॅम्पवर स्लॅब एज चालत नाही, त्याला आडवी कड लागते. इथे आम्ही कर्बच्या आकाराचा बीम वापरतो आणि सुरुवातीला व शेवटी वेगळा लेव्हल ऑफसेट देतो. बीम टाकल्याबरोबर अख्खा कर्ब स्लॅबच्या आत गडप होतो, आणि नवीन मुलं यात अर्धा-अर्धा तास घालवतात. कारण इतकंच, की बीमचं 'झेड जस्टिफिकेशन' मुळात 'टॉप' असतं. बीम रेषेखाली लोंबतो. ते 'बॉटम' करा, तो स्लॅबवर येऊन बसेल. स्ट्रक्चरच्या शेड्यूलमध्ये मात्र तो येणार, तेव्हा तिथेही टाइपच्या नावाने वगळा.

वळणदार उतारावर काही जण रेलिंगच्या प्रोफाइलने कर्ब काढतात. रेलिंग उतार छान धरते, दिसतेही सुंदर, पण फ्लोअरशी जॉइन होत नाही. तेव्हा रेलिंग वापरायची तर फ्लोअरची हद्द आधीच कर्बच्या तोंडापर्यंत छाटलेली हवी.

गच्चीवर दोन फ्लोअर असतात

हा प्रकार मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावा लागला आहे. खाली स्ट्रक्चरचा स्लॅब, वर कोबा किंवा वॉटरप्रूफिंग आणि फिनिशचं दुसरं फ्लोअर. घाईत स्लॅबचीच हद्द उचलून फिनिशच्या फ्लोअरला लावली जाते. स्लॅब कर्बखालून जायला हवा, फिनिश कर्बच्या आतल्या तोंडाला थांबायला हवं. एकाच हद्दीत दोन्ही बसत नाहीत. फिनिशची हद्द वेगळी काढा, हाच उपाय.

त्यावर पुन्हा पाण्याचा उतार. १:१०० चा उतार ६ मीटरवर ६० मिमी होतो. फिनिशच्या फ्लोअरला बिंदू देऊन उतार केला आणि त्याच्या टाइपमध्ये कोब्याच्या थरापुढे 'व्हेरिएबल'ची खूण नसेल, तर जाडी सगळीकडे सारखी राहते आणि तळही तिरका होतो. गटाराच्या तोंडाशी बिंदू खाली घेतला की फिनिश सरळ स्लॅबमध्ये घुसतं आणि 'हायलायटेड फ्लोअर्स ओव्हरलॅप' येतं. खूण केली की तळ सपाट राहतो, फक्त जाडी बदलते. मात्र सगळ्यात खोल जागी उरलेली जाडी पुरेशी आहे ना, तेवढं बघा.

जॉइन कधी करायचं

ऑफिसमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य: "मॅडम, जॉइन केलंय की." जॉइन जिओमेट्री वाईट नाही. पण ती त्या दोन ठरावीक वस्तूंपुरती असते. उद्या कुणी फ्लोअर पुसून नवीन काढलं, की त्या नव्या फ्लोअरचं कर्बशी काही नातं नसतं. आणि कर्ब लिंक केलेल्या फाइलमध्ये असेल तर जॉइन होतच नाही. आमच्याकडे लँडस्केपची फाइल वेगळी असते, तिथे हद्द छाटण्यावाचून मार्ग नाही.

माझा क्रम असा: आधी हद्द दुरुस्त, जॉइन नंतर, आणि तेही जिथे खरंच सांधा दाखवायचा आहे तिथेच. जॉइन केल्यावर कर्ब कापला गेला तर 'स्विच जॉइन ऑर्डर' वापरा. कर्ब आणि फ्लोअर दोन्हींना एकच काँक्रीट मटेरियल असेल तर जॉइननंतर मधली रेघ गायब होते आणि सेक्शनमध्ये कर्ब वेगळा ओळखू येत नाही. एकत्र ओतलेल्या कामात ते बरोबरच आहे. प्रीकास्टसाठी मटेरियलची वेगळी प्रत करा, रंग आणि हॅच तेच ठेवा, रेघ परत येईल.

फ्लोअर सरकल्यावर जुने जॉइन तसेच राहिले तर रेव्हिट सांगतं, की वस्तू जॉइन आहेत पण एकमेकांना छेदत नाहीत. त्या वॉर्निंगच्या खिडकीतूनच अनजॉइन करून टाका. असे शेकडो साठले की मॉडेल जड होतं, आणि खऱ्या वॉर्निंग त्या गर्दीत हरवतात.

आर्किकॅड हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथे प्रत्येक बिल्डिंग मटेरियलला छेदाचा अग्रक्रम देता येतो, आणि कोण कुणाला कापणार ते त्यावरून ठरतं. बरंच काम आपोआप होतं. पण 'ती जागा कुणाची' हा प्रश्न तिथेही आधी सोडवावाच लागतो, कारण तो अग्रक्रम आपणच देतो.

परत येऊ नये म्हणून

आम्ही टेम्प्लेटमध्ये दोन वेगळे कर्ब ठेवले: 'कर्ब प्रीकास्ट गाडलेला' आणि 'कर्ब आरसीसी स्लॅबवर'. नावातच साइटची पद्धत आहे, त्यामुळे निवडतानाच विचार होतो. 'कर्ब तपासणी' नावाचा एक थ्रीडी व्ह्यू आहे. त्यात फक्त फ्लोअर आणि कर्ब दिसतात, फ्लोअर अर्धपारदर्शक आणि कर्ब गडद लाल. दर शुक्रवारी मॉडेल बाहेर पाठवण्याआधी तो व्ह्यू आणि कर्बच्या घनफळाचं शेड्यूल पाहायचं. दहा मिनिटांचं काम. आराखडा बदलला की त्या भागातल्या फ्लोअरची हद्द 'पिक वॉल्स'नेच आहे ना, हे बदल करणाऱ्यानेच पाहायचं असं ठरलंय.

त्या पार्किंगची दुरुस्ती करून सोमवारी नवे आकडे पाठवले. बिलिंग इंजिनिअरने ते जुळल्याचं सांगितलं आणि लगेच पुढचं विचारलं: "मॅडम, लिफ्ट लॉबीपाशी व्हीलचेअरसाठी कर्ब खाली घ्यायचाय. तिथे तुमचं मॉडेल कसं दाखवतंय?"

१५० मिमीच्या कर्बला १:१२ च्या उताराने खाली यायला १.८ मीटर लागतात. तेवढ्या जागेत कर्बच्या भिंतीचं 'एडिट प्रोफाइल' करून वरची कड रस्त्याच्या पातळीला आणायची. फुटपाथच्या फ्लोअरमधून उताराचा चौकोन स्केचमध्येच कापायचा, आणि त्या खड्ड्यात उताराचं छोटं वेगळं फ्लोअर स्लोप अ‍ॅरो देऊन बसवायचं, हद्द पुन्हा कर्बच्या आतल्या तोंडाला. फुटपाथ न कापता वर उताराचा तुकडा ठेवला की तो फुटपाथच्या आत जातो, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. मी त्यांना तो सेक्शन काढून पाठवला. वरून खाली येणारी कर्बची कड, तिच्या अंगाला बसलेला उतार, आणि मध्ये एकच रेघ.